वजाबाकी

सरकारी नोकरीत ज्यांनी देशाचा नकाशा बदलीच्या हुकुमांवरून पाठ केला आहे, अशा वाचकांना आमचे एक निरीक्षण सहज पटावे. माणूस नव्या गावी हजर होतो, तेव्हा कचेरीत त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न, “आधी कुठे होता?” आणि दुसरा, “इथून कुठे जायचा विचार आहे?” मधला प्रश्न, म्हणजे सध्या आपण आहात कुठे, हा कोणीच विचारीत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत आम्हीही तो स्वतःला कधी विचारला नव्हता. तो विचारण्याचा प्रसंग आमच्यावर आणला आमच्या धाकट्या कन्येच्या वहीतल्या रसायनशास्त्राच्या एका उदाहरणाने.

आम्ही तीन वर्षांसाठी म्हणून शिलाँगला आलो, त्याला यंदा सात वर्षे झाली. आमचा जन्म वाईचा. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती आणि गुळाचा वास, एवढ्या शिदोरीवर आम्ही सहा बदल्या काढल्या. प्रत्येक गावी आम्ही गेलो ते परतीचे तिकीट मनात ठेवून. पुण्याला बदली मिळावी म्हणून दर वर्षी एक अर्ज करायचा आणि उत्तर येईपर्यंत गावाकडे पाठ करून बसायचे, असा आमचा परिपाठ. तो आम्हाला निष्ठेचा वाटे. आपली भाषा, आपला सण, आपला स्वयंपाक यांतला कणही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, ही आमची प्रतिज्ञा होती आणि ती आम्ही पाळली याचा आम्हाला अभिमान होता.

आमचे आयुष्य लेखापरीक्षणात गेले. दुसऱ्याने मांडलेल्या हिशेबावर तांबड्या पेन्सिलीने खूण करणे हा आमचा व्यवसाय आणि सौभाग्यवतींच्या मते आमचा स्वभाव. आषाढातल्या एका संध्याकाळी दिवे गेले होते, पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे, आणि कन्या मेणबत्तीच्या उजेडात उदाहरण सोडवीत बसली होती. ती अकरावीत. आम्हाला वाचायला उजेड नाही, बोलायला श्रोता नाही. अशा वेळी दुसऱ्याचा हिशेब तपासण्याइतका आनंद दुसरा नाही. आम्ही तिची वही ओढून घेतली.

उदाहरण असे होते : क्लोरिनची आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन-आसक्ती दिली आहे, त्यांवरून त्याची विद्युतऋणता काढा. शब्द जड आहेत खरे, पण त्यांच्या पोटातला अर्थ कोणाही संसारी माणसाला कळेल असा आहे. अणूने सर्वांत सैल धरलेला इलेक्ट्रॉन त्याच्या हातून हिसकावून न्यायला जी ऊर्जा खर्चावी लागते, ती आयनीभवन ऊर्जा. जवळचे सोडायला तो किती नाखूष आहे, याचे ते माप. उलट, बाहेरून आलेला एक जादा इलेक्ट्रॉन पदरात घेताना अणू जी ऊर्जा मोकळी करतो, ती इलेक्ट्रॉन-आसक्ती. नवे स्वीकारायला तो किती राजी आहे, याचे हे माप. ही दोन्ही मापे एकट्या, वायुरूप अणूची. विद्युतऋणता ही मात्र संसारातली गोष्ट. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवली असता, त्या सामाईक धनाला आपल्याकडे ओढण्याचा जो ज्याचा जोर, ती त्याची विद्युतऋणता.

कन्येने मांडणी केली होती ती अशी. क्लोरिनची आयनीभवन ऊर्जा मोलला १२५१ किलोजूल. आसक्ती ३४९. बेरीज १६००, तिचे निम्मे ८००. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे मोलला सुमारे ९६.५ किलोजूल, म्हणून ८०० ला ९६.५ ने भागून उत्तर ८.२९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

आमची नजर मूळ कोष्टकाकडे गेली. तिथे ३४९ च्या मागे स्वच्छ, ठळक उणे चिन्ह होते. तीस वर्षे ज्या डोळ्यांनी उणे चिन्हे शोधली, त्यांच्या हातून ते सुटणे शक्य नव्हते. “अगं, हे वजा आहे,” आम्ही पावसाच्या वर आवाज चढवून म्हणालो. “वजा रक्कम जमेस धरलीस? आमच्या कचेरीत असे करणाऱ्याची वेतनवाढ थांबते.” आणि आम्ही मेणबत्ती जवळ ओढून हिशेब दुरुस्त केला. १२५१ तून ३४९ गेले, राहिले ९०२. निम्मे ४५१. उत्तर ४.६७. तिच्या ८.२९ वर आम्ही तांबडी रेघ मारली.

“बाबा, ते वजा चिन्ह वेगळ्या कारणाचं आहे,” ती म्हणाली. आम्ही म्हणालो, “वजाला कारण नसते. वजा ते वजा.” तिने वही मिटली. ती वाद घालीत नाही. तो गुण तिने आईकडून घेतला आहे, आणि त्याचा आम्हाला फार जाच होतो.

दुसऱ्या दिवशी ती वही शाळेत गेली आणि परत आली, ती ८.२९ समोर बरोबरची खूण घेऊन. बाईंनी आमच्या तांबड्या रेघेची दखलही घेतली नव्हती. लेखापरीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर न देणे हा आमच्या शास्त्रात मोठा अपराध. चूक कोणाची हे ठरविण्यासाठी आम्ही तिची पुस्तके घेऊन बसलो. एक आठवडा कचेरीतून आल्यावर आम्ही दुसरे काही वाचले नाही. तेव्हा जे आम्हाला कळले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण त्यात आमच्यासारख्या बऱ्याच जणांचा हिशेब आहे असे आम्हाला वाटते.

विद्युतऋणतेची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांची एक रांग लावली आणि तिच्या ऋण टोकाला ऑक्सिजन बसविला. पण रांग लावणे वेगळे आणि माप देणे वेगळे. माप प्रथम दिले लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९३२ साली. त्याची रीत आम्हाला आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची वाटते. ते घराण्याचा स्वभाव संसारावरून ठरवितात. पॉलिंगने दोन भिन्न अणूंमधला बंध किती बळकट आहे ते पाहिले आणि तो एकाच जातीच्या अणूंमधल्या बंधांच्या सरासरीहून किती अधिक भरतो ते मोजले. हे आधिक्य जितके मोठे, तितके त्या दोघांच्या ओढीतले अंतर मोठे. या रीतीने फ्लोरिनला सर्वांत मोठा आकडा मिळतो, आजच्या कोष्टकांत ३.९८.

दोनच वर्षांनी, १९३४ साली, शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट मलिकनने वेगळी वाट धरली. संसार न पाहता एकेकट्या अणूच्या खातेवहीवरून त्याची ओढ सांगता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. त्याचा युक्तिवाद इतका साधा आहे की तो आम्ही सौभाग्यवतींना पोळ्या लाटताना समजावून सांगू शकलो.

सोडियम आणि क्लोरिन हे दोन अणू घ्या. एक इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जायचा आहे. तो सोडियमकडून क्लोरिनकडे गेला तर सोडियमपासून तो तोडायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च होतात आणि क्लोरिन तो स्वीकारतो तेव्हा ३.६१ परत मिळतात. निव्वळ खर्च १.५३. आता उलट करून पाहा. क्लोरिनचा इलेक्ट्रॉन काढायला १२.९७ लागतात आणि सोडियमने तो घेतल्यावर जेमतेम ०.५५ परत येतात. खर्च १२.४२. एवढा तफावतीचा सौदा निसर्ग करीत नाही, म्हणून मिठात सोडियमने दिलेले असते आणि क्लोरिनने घेतलेले असते. मलिकन विचारतो, दोन्ही दिशांचा खर्च अगदी सारखा केव्हा होईल? म्हणजे दोघांची ओढ समसमान केव्हा म्हणता येईल? समीकरण मांडून पदे इकडची तिकडे केली की उत्तर निघते : पहिल्याची आयनीभवन ऊर्जा अधिक पहिल्याची आसक्ती, ही दुसऱ्याच्या तशाच बेरजेइतकी असेल तेव्हा. ज्याची बेरीज मोठी, त्याची ओढ मोठी. क्लोरिनची बेरीज १६.५८, सोडियमची ५.६९. दोहोंतले अंतर १०.८९, आणि वरच्या दोन खर्चांतले अंतरही नेमके तेवढेच. पडताळा जमला की आमच्या जातीच्या माणसाला जे समाधान होते, ते वाचकांनी समजून घ्यावे.

मलिकनने या बेरजेचे निम्मे घेतले आणि त्याला विद्युतऋणता म्हटले. म्हणजे जवळचे घट्ट धरणे आणि नवे मनापासून घेणे, या दोन गोष्टींची सरासरी. आजच्या मापांनी हायड्रोजनचा आकडा ७.१८ येतो, ब्रोमिनचा ७.५९, आयोडिनचा ६.७६, पोटॅशियमचा २.४२. पॉलिंगच्या मापाशी ताळा पाहायचा तर बेरजेला साधारण ५.६ ने भागावे. सोडियमचे १.०२ येते, पॉलिंगचे ०.९३ आहे. क्लोरिनचे २.९६ येते, त्याचे ३.१६. संसार पाहून ठरविलेला स्वभाव आणि खातेवही पाहून ठरविलेला स्वभाव इतके जवळ यावेत, हे आम्हाला मोठे नवल वाटले. सगळीकडे ताळा इतका सुरेख जमत नाही. ऑक्सिजनचे २.६९ येते आणि पॉलिंगचा आकडा ३.४४ आहे. याचे कारण मलिकनला ठाऊक होते. एकटा अणू ज्या अवस्थेत असतो त्याच अवस्थेत तो रेणूत राहत नाही. बंधात शिरताना त्याला आपल्या इलेक्ट्रॉनांची मांडामांड बदलावी लागते, आणि खरा हिशेब त्या बदललेल्या अवस्थेच्या ऊर्जांवरून करायला हवा. घरातला माणूस आणि सभेतला माणूस यांचे माप एकाच गजाने घेता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता त्या उणे चिन्हाची गोष्ट. आसक्ती म्हणजे अणूने मोकळी केलेली ऊर्जा. ती अणूकडे पाहून सांगितली तर अधिक ३४९. पण ऊर्जेचा जमाखर्च लिहिणारे दुसरे एक खाते आहे. त्यात अणूतून बाहेर गेलेली ऊर्जा वजा लिहितात. रक्कम एकच, वह्या दोन. ज्या व्यवहारात क्लोरिनला स्वास्थ्य मिळाले, तोच व्यवहार दुसऱ्या वहीत घट म्हणून नोंदला गेला. आमच्या कन्येने वही ओळखली होती आणि म्हणून चिन्ह बदलले होते. आम्ही चिन्ह पाहिले, वही पाहिली नाही. तीस वर्षांत कनिष्ठांना आम्ही जे पहिले वाक्य शिकवीत आलो, ते ‘आधी लेखाशीर्ष पाहा’ हेच होते.

चूक मान्य करून आम्ही पुस्तक मिटणार होतो. पण शेवटच्या प्रकरणात एक कोष्टक दिसले आणि आमचा हात थांबला. त्यात क्लोरिनसमोर ४.६८ लिहिले होते. आमचेच ४.६७! शतांशाचा जो फरक होता तो किलोजूलचे पूर्णांक घेतल्याने पडलेला. आमची चूक छापील पुस्तकात काय करीत होती?

तिला तिथे नाव होते. १९८३ साली रॉबर्ट पार आणि राल्फ पिअर्सन या दोघांनी असे दाखविले की आयनीभवन ऊर्जेतून आसक्ती वजा करून निम्मे केले, तर त्यालाही अर्थ आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या इकडे किंवा तिकडे बदलायला तो अणू किती विरोध करतो, याचे ते माप. फ्लोरिनचे ७.०१, आयोडिनचे ३.७०, सोडियमचे २.३०. या मापाला त्यांनी जे नाव दिले त्याचे मराठी कठिनता असेच करावे लागेल. कठीणपणा.

पाऊस चालूच होता. आम्ही बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसलो. बाहेरून आलेले जे जे पदरात घेतले, ते ते जमेच्या बाजूला न धरता वजा बाजूला टाकीत गेले, तर शेवटी जी बाकी उरते तिचे नाव कठीणपणा. हे कोणा कीर्तनकाराने सांगितले असते तर आम्ही मान डोलावून घरी आलो असतो. अंकगणिताने सांगितले म्हणून ते लागले.

सात वर्षांत शिलाँगने आम्हाला काय देऊ केले होते, ते आम्ही मनाशी मोजू लागलो. आमच्या घरमालकीणबाई शेजारीच राहतात. खासी समाजात वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने कॉङ म्हणतात, तसे घरातली सगळी त्यांना कॉङ म्हणतात. आम्ही मात्र घरमालकीण म्हणतो. खासी घरात पाहुण्यापुढे प्रथम क्वाय ठेवतात. क्वाय म्हणजे ओली सुपारी, विड्याचे पान आणि चुना. आपल्याकडच्या पानसुपारीची ही थोरली बहीणच. मेलेल्या माणसाविषयीदेखील ते लोक म्हणतात की तो देवाच्या घरी क्वाय खायला गेला. ज्या समाजाने स्वर्गाची कल्पनासुद्धा पानसुपारीवर उभारली, त्याचे आतिथ्य आम्ही सात वर्षे दातांचे निमित्त सांगून परतवून लावले होते. सौभाग्यवती बाजारात खासी बोलून भाव करतात. कन्येच्या मैत्रिणी घरात येतात तेव्हा ती कोणत्या भाषेत हसते ते सांगणे कठीण. दीड दिवसाच्या गणपतीला कॉङ स्वतः येऊन आरतीत टाळ्या वाजवितात. आम्हाला खासीतला एकच शब्द येतो, खुब्लेई. तो धन्यवादालाही चालतो आणि निरोपालाही, म्हणून आम्ही एकात भागविले.

याच विचारात आम्हाला निऑन आठवला. आमची समजूत होती की घट्ट धरणारा तो थोर. तसे असेल तर निऑन फ्लोरिनहूनही थोर म्हणायला हवा. फ्लोरिनचा इलेक्ट्रॉन काढायला १७.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, निऑनचा काढायला २१.५६. पण बाहेरचा इलेक्ट्रॉन तो घेतच नाही. त्याची आसक्ती शून्य धरली तरी निम्मे १०.७८ भरते, म्हणजे फ्लोरिनच्या १०.४१ हूनही अधिक! आकड्यावर भरवसा ठेवला तर निऑनची ओढ फ्लोरिनहून मोठी ठरावी. पण ओढायला समोर दुसरा कोणी लागतो. मलिकनचा सगळा युक्तिवाद दोन अणूंमधल्या देवघेवीवर उभा आहे, आणि निऑनचे एकही स्थिर, विद्युत्‌भाररहित संयुग आजवर माहीत नाही. सूत्र उत्तर देते. ते कोणाला लावावे हे सूत्र सांगत नाही. तो वायू १८९८ साली रॅमझी आणि ट्रॅव्हर्स यांनी शोधला आणि त्याचे नाव ग्रीक भाषेतल्या ‘नवा’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवले. नवे काही न घेणाऱ्याला हे नाव मिळावे, याहून क्रूर थट्टा रसायनशास्त्रात नसेल.

उलट फ्लोरिनचे पाहा. आम्हाला वाटले होते की सर्वांत जास्त ओढीचा अणू नवे घेण्यातही सर्वांत पुढे असेल. तसे नाही. त्याची आसक्ती ३.४० आहे, क्लोरिनची ३.६१. अणू लहान, त्यात आधीच दाटीवाटीने बसलेले इलेक्ट्रॉन नव्याला ढकलतात. मुंबईच्या बिऱ्हाडात पाहुणा आला की जसे होते तसे. मन असते, जागा नसते. तरीही दोन्ही मिळून त्याची बेरीज मोठीच राहते. म्हणजे घेण्यात थोडे कमी पडले तरी हरकत नाही. घेण्याच्या बाजूला उणे चिन्ह नसले म्हणजे झाले.

श्रावणात आमचा बदलीचा हुकूम आला. पुणे! सात अर्ज फळाला आले. आम्ही तो हुकूम घरी आणला तेव्हा जो उत्सव व्हायला हवा होता तो झाला नाही. सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. कन्या खिडकीशी उभी राहिली. “माझं वर्ष?” एवढेच ती म्हणाली. मध्येच शाळा सोडून नव्या शाळेत, नव्या पुस्तकांत, ओळखीचे कोणी नाही अशा वर्गात. आमच्यासाठी जे घरी जाणे होते, ते तिच्यासाठी घर सोडणे होते. ती नऊ-दहा वर्षांची असताना इथे आली. वाई तिला सुटीतली माहीत आहे. आम्ही इतकी वर्षे ज्याला आपले म्हणून धरून बसलो, ते तिच्या खात्यावर कधी चढलेच नव्हते, आणि जे चढले होते त्याची आम्ही नोंदच घेतली नव्हती.

ही अडचण सोडविली कॉङनी. सौभाग्यवतींकडून त्यांना कळले असावे. संध्याकाळी त्या छत्री झटकीत दारात आल्या आणि मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितले की साहेबांनी खुशाल जावे. मार्चपर्यंत मायलेकी इथेच राहतील. भाडे तेच. रात्री-अपरात्री काही लागले तर मधली भिंत ठोकावी. मग त्यांनी नेहमीच्या सवयीने कमरेची पिशवी उघडून क्वाय काढले, सौभाग्यवतींना दिले, कन्येला दिले, आणि आमच्याकडे पाहून पिशवी मिटू लागल्या. सात वर्षांच्या नकाराचा त्यांनी किती शांतपणे आदर ठेवला होता!

आम्ही हात पुढे केला. त्या क्षणभर थांबल्या. मग पान पुन्हा काढून, चुना लावून त्यांनी ते आमच्या तळहातावर ठेवले. ओली सुपारी भलतीच उष्ण असते. दोन मिनिटांत आमचे कान तापले, कपाळाला घाम आला आणि श्रावणातल्या त्या गारठ्यात आम्हाला कोट काढावा लागला. सगळी हसली. कॉङ खासीत काहीतरी बोलल्या. आम्ही अर्थातच कन्येकडे पाहिले. ती आधी सांगेना. मग म्हणाली, “त्या म्हणतात, हे गृहस्थ सात वर्षं इथंच राहत होते होय?”

वाचकहो, हा आमच्यावरचा सर्वांत कडक लेखापरीक्षण-आक्षेप. त्याला आमच्याजवळ उत्तर नाही.

यावरून आम्ही एकाएकी बदललो असे कोणी समजू नये. पन्नाशीनंतर माणसाची मांडणी फारशी हलत नाही. पण रसायनशास्त्रात आमच्यासारख्यांसाठीही एक दिलासा आहे. निऑनचाच भाऊबंद झेनॉन. तोही कोणाशी संबंध न ठेवणारा म्हणून प्रसिद्ध. १९६२ साली नील बार्टलेट हा इंग्रज रसायनज्ञ, घरापासून दूर कॅनडात व्हँकुव्हरला शिकवीत असताना, त्याच्या लक्षात आले की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे द्रव्य ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेते. मग त्याने कोष्टक उघडले. ऑक्सिजनच्या रेणूची आणि झेनॉनची आयनीभवन ऊर्जा जवळजवळ सारखी, दोन्ही बाराच्या थोड्या वर. तेव्हा जे तिथे घडते ते इथेही घडावे! त्याने दोन्ही वायू एकत्र येऊ दिले. गडद तांबडे बाष्प आणि रंगहीन झेनॉन यांतून पिवळसर घन पदार्थ तयार झाला, आणि निष्क्रिय वायूंची जन्माची सोवळी मोडली. आकडे पूर्वीपासून सर्वांच्या कोष्टकात होते. कोणीतरी ते शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवे होते.

परवा आम्ही निघतो आहोत, एकटे. गुवाहाटीपर्यंत मोटार, पुढे आगगाडी. सामानात विशेष काही नाही. कॉङनी दिलेली सुपारीची पुडी आहे, पुण्याच्या मंडळींना ती मानवेल असे वाटत नाही. खासीतले अकरा शब्द आम्ही पाठ केले आहेत, त्यांतले चार कन्येच्या मते बरोबर उच्चारतो.

काल रात्री तिची रसायनाची वही मागून घेतली. आमची तांबडी रेघ ८.२९ वर तशीच होती. पेन्सिल खोडता आली असती, पण एकदा नोंदलेला आक्षेप खोडायचा नसतो, हा आमच्या खात्याचा नियम आहे. तो रीतसर मागे घ्यावा लागतो. आम्ही रेघेखाली, कचेरीत लिहितो तशा अक्षरात, ‘आक्षेप मागे घेतला’ असे लिहिले आणि खाली सही करून तारीख घातली.